बंडवाल्याचे प्रकरण

अमरावती, १२ जून १९५७

कॉलेजला सुटी, पुण्याला जायची इच्छा नाही आणि उन्हानं डोकं तापलेलं. अशात आज दुपारी खुशालराव देशमुख खुद्द माझ्या खोलीवर आले. अकोला जिल्ह्यातले वजनदार पुढारी, अंगावर कडक इस्त्रीची खादी. जिल्ह्यातल्या बेचाळीसच्या चळवळीचा इतिहास छापायला एक समिती नेमली आहे, हे तिचे अध्यक्ष. त्यांच्या गव्हाणखेड गावचं प्रकरण मी लिहावं, असा आग्रह. पंधरा ऑगस्टला गावात स्मारकाचा दगड उघडायचा, त्याच दिवशी पुस्तक बाहेर काढायचं.

"आमच्या गावची चळवळ निरी शांततेची होती, सर. अहिंसेच्या बाहेर एक पाऊल नाही."

"मग चावडी जळाली ती?"

"कंदील लवंडला असन."

"आणि आत शिपाई भाजून मेला तो?"

"त्याले झोपाचं काय काम होतं?" म्हणाले, आणि पान लावायला घेतलं.

स्वतःबद्दल मात्र भरभरून बोलले. "मी लपून नाही राह्यलो. दुसऱ्याच दिवशी सोताहून अकोल्याले सायबापुढं हजर झालो. गावच्या अकरा जणायले दोन-दोन वर्सं पडली, मले सहा महिने. पण मी आपल्या पायानं गेलो ना!" वकील चांगला मिळाला असणार.

समितीतल्या एका वैद्यांना हा सगळा उठाव अठराशे सत्तावन्नच्या धर्मयुद्धाचा पुढचा अध्याय वाटतो. खुशालरावांना ती प्रार्थनासभा वाटते. ज्याला जो चष्मा, त्याला तसा इतिहास. माझा कुठलाच पक्ष नाही. मी फक्त जनतेच्या बाजूचा आहे, म्हणून तर हे काम माझ्यासारख्यानंच करायला हवं. होकार दिला.

गव्हाणखेड, १९ जून

सरकारी मोटारीनं अकोट, तिथून हिवरखेड, आणि पुढे बंडीनं. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. अमरावतीला शिकवायला आलो त्या पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं "तुमच्यासाठी बंडी आणली" म्हटल्यावर मी "एवढ्या उन्हात बंडी कोण घालतो?" असं विचारून वर्गात स्वतःचं हसं करून घेतलं होतं. आता कान तयार झाला आहे. या लोकांची बोली पुण्याच्या माणसाला भांडल्यासारखी वाटते, पण मला ती आता मातृभाषेइतकी कळते.

खुशालरावांच्या ओट्यावर बैठक. जो येई तो एकच वाक्य बोले: "चळवळ शांततेची होती." पढवून आणलेली पोरं परीक्षेला बसतात तसे बसले होते. शेवटी मीच विचारलं, चावडी जळाल्यावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात कोण मेलं?

मग पुंजाजी बोलला. अकरा कैद्यांतला एक, दोन वर्षं तुरुंगात होता. तो आत असताना इकडे त्याची आई गेली.

"एक मेला. पण तो आपला नव्हता. श्रावण. खबऱ्या होता थो."

"कशावरून?"

"चावडी जळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच थो पोलिसायकडे गेला. तिसऱ्या दिवशी पोलीस गावात आले ते अकरा नावं तोंडपाठ करून आले. ना एक कमी, ना एक जास्त. आतल्या माणसाबिगर कोण सांगन?"

"पण मग पोलिसांनी त्यालाच गोळी का घातली?"

"काम झालं का घालतेत," पुंजाजी म्हणाला. "त्याच्या दारावर सगळ्यायच्या आंधी थुंकलो तो मी. अजूनही थुंकतो."

खुशालराव या वेळी आत चहाचं पाहायला गेले होते. श्रावण पूर्वीच्या महारवाड्यातला, आताच्या बौद्ध वस्तीतला. खालच्या वर्गाचा माणूस आणि खबऱ्या! वरच्या वर्गाचा इतिहास असाच लिहिला जातो. माझ्या मनानं तेव्हाच कौल दिला. उद्या वस्तीत जाणार.

गव्हाणखेड, २० जून

आजचा दिवस मी विसरणार नाही.

श्रावणची बायको सुंदराबाई, पन्नाशीच्या आतबाहेरची. भिंतीवर बुद्धाची तसबीर. मुलगी ललिता अकोल्यात शिक्षिका आहे, सुटीत आलेली. ती हाताची घडी घालून, दाराला टेकून माझ्याकडे बघत होती.

सुंदराबाईनं बसायला गोणपाट अंथरलं. मग एकच गोष्ट म्हणाली, "साहेब, खबऱ्या हे नाव पुसून द्या. मले दुसरं काही नाही पाह्यजे. पंधरा वर्सं झाली, या घराले खबऱ्याचं घर म्हणतेत. पोरीच्या दोन सोयरिका त्याच्यापाई मोडल्या."

मी म्हटलं, "बाई, तुमचा नवरा खरा कोण होता ते सांगा."

"ललिताचा बाप बंडवाला व्हता," ती म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली. बंडवाला! हा शब्द कोणत्याही पुस्तकातला नाही. जनतेनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला दिलेलं नाव!

"असा बंडवाला पंचक्रोशीत नव्हता," ती पुढं म्हणाली. "पटात पयला नंबर त्याचाच. मुकं जनावर बी त्याचं आयके. नुसती हाक देली का उठून उभं राहे."

मी शब्दन् शब्द उतरून घेतला. गुप्त संघटनेचा पट होता, आणि त्यावर श्रावणचं नाव पहिलं होतं! "मुकं जनावर" हे शोषित जनतेचं याहून नेमकं रूपक कुठल्या पंडिताला सुचलं असतं? हाक दिली की उठून उभं राहायचं! अंगावर काटा आला.

मध्येच ती कडब्याचं काहीतरी सांगू लागली. सकाळी दोघांनी मिळून कडबा भरला, वरून पेंढ्या कशा रचल्या, तिनं कोणाला तरी सांगितलं की हालू नका... बायका मूळ मुद्दा सोडून घरकामात शिरतात. मी म्हटलं, "कडब्याचं राहू द्या बाई. चावडी जळाली तेव्हा श्रावण कुठं होता?"

"चावडीपाशीच व्हता नं. समदेच व्हते."

पुरे झालं. मला हवं ते मिळालं.

एक विसंगती. शेजारची कौशल्या चहा घेऊन आली. चावडीत भाजून मेला त्या शिपाई डोमाजीची ही विधवा. याच वस्तीतली. वाळीत टाकलेल्या या घरात पंधरा वर्षं येणारी ती एकटीच. दोघींचे नवरे एका दिवसाच्या अंतरानं गेले. दळण-कांडण, दुखणी-बाणी दोघींनी मिळून काढली, असं सुंदराबाईच म्हणाली. पोलिसाची विधवा बंडवाल्याच्या घरी चहा आणते, हे प्रकरणात बसत नाही. घेणार नाही.

निघताना ललितानं विचारलं, "सर, काय लिहिणार ते आम्हाला आधी दाखवाल?"

"इतिहास असा दाखवून लिहीत नसतात," मी म्हटलं. तिचा चेहरा पडला, पण तत्त्व ते तत्त्व.

अमरावती, २९ जून

प्रकरण लिहून झालं. शीर्षक: 'एक बंडवाला'. सहा दिवस जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. श्रावणनं शेतमजुरांची गुप्त संघटना बांधली, त्याच्या हाकेसरशी वस्ती उठली, त्याच्या नेतृत्वाखाली चावडी पेटली, दुसऱ्या दिवशी पोलिसांना सामोरा जाताना तो पडला. सनातनी आणि सरकार दोघांनाही नको असलेला वीर.

जैनुद्दीनला वाचून दाखवलं. तो आमच्याकडे उर्दू शिकवतो, मूळचा अचलपूरचा, या मुलखातल्या माझ्या मोजक्या मित्रांतला. डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, भारावला.

"पटवर्धनसाहब, 'बंडवाला' असं कोणी बोलत नाही बाप्पा आमच्याकडं. बंडखोर म्हणतीन, बागी म्हणतीन. हे बंडवाला कुठून आणलं?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

"कानाचंच तर सांगून राह्यलो. तुमचा पक्ष तुमच्या कानात बसून आहे. अजून एकदा जाऊन विचारा त्या बाईले."

मी रागावलो. माझा पक्षच नाही तर कानात बसेल कसा? चहा अर्धा ठेवून तो गेला. मुसलमान व्यापारी घराण्यात वाढलेल्या माणसाला शेतमजुराचं मन कळायला वेळ लागणार. (हे लिहिलं आणि लाज वाटली. पण खोडत नाही, दैनंदिनीत खोडाखोड नको.)

अमरावती, १२ जुलै

खुशालरावांना हस्तलिखित दिलं होतं. आज आले. मी भांडणाच्या तयारीत बसलो होतो: अहिंसा, प्रार्थनासभा, कंदील. पण त्यांनी त्यातलं काही काढलंच नाही. श्रावणच्या नावाच्या पानावर बोट ठेवून बसले.

"हे नाव काढा."

"का?"

"काढा म्हणतो नं. 'एक अज्ञात इसम' लिहा. लागलं तर चावडी जाळली म्हणून लिहा, माही हरकत नाही. पण हे नाव नको."

चावडीची राख झाली हे चालेल, पण सालदाराचं नाव चालणार नाही! श्रावण यांच्याच घरी वर्षाच्या करारावर राबणारा सालदार होता, हे आजच कळलं. मी ताडकन म्हटलं, "तुमच्या वर्गाला जनतेच्या नायकाची भीती वाटते, खुशालराव."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला काही कळलेलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि जरा सुटल्यासारखंही. जाताना म्हणाले, "तुमी पुण्याचे. तुमाले काय सांगू?"

समिती प्रकरण कापणार हे उघड आहे. मी थांबणार नाही. अकोल्याच्या एका साप्ताहिकाला आजच लेख पाठवतो.

अमरावती, २० जुलै

लेख छापून आला. पहिलं पान! जैनुद्दीन सोडून सगळ्यांनी अभिनंदन केलं.

अमरावती, २७ जुलै

आजचं लिहायला नको वाटतं, तरी लिहितो.

आज ललिता कॉलेजात आली. भर दुपारी, हातात ते साप्ताहिक. स्टाफरूममध्ये जैनुद्दीन होता, अचलपूरचा म्हणून मी त्याची ओळख करून दिली. तो उठू लागला तर म्हणाली, "बसा सर. तुमच्या गावाकडची बोली तुम्हाला कळते, बरं होईल."

तिनं आधी बातमी दिली. लेख गावात पोचला, कोणीतरी जुन्या चावडीच्या जागेपाशी मोठ्यानं वाचला. श्रावणच्या नेतृत्वाखाली चावडी पेटली, म्हणजे डोमाजीला श्रावणनं जाळलं. त्याच संध्याकाळी कौशल्यानं सुंदराबाईच्या तोंडावर दार लावलं. पंधरा वर्षं उघडं असलेलं एकमेव दार.

"आई तेव्हापासून धड जेवत नाही. आधी आम्ही खबऱ्याचं घर होतो. आता खबऱ्याचं आणि खुन्याचं." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. मग तिनं कागद टेबलावर पसरला. "हा शब्द कुठून आला?"

"तुमच्या आईच्या तोंडून. बंडवाला."

"बंडीवाला, सर! माझे बाबा बंडी हाकायचे. देशमुखांची बंडी. आई म्हणाली बंडीवाला."

जैनुद्दीननं डोळ्यांवर हात ठेवला.

मी म्हटलं, पण पट? पटात पहिला नंबर?

"शंकरपट. बैलांची शर्यत. त्यांचे बैल पहिले यायचे."

"मुकं जनावर..."

"बैल, सर."

कोणीच हसलं नाही. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी तो शब्द जाणत होतो. तशाच बंडीत बसून मी त्या गावी गेलो होतो.

"आणि कडब्याचं आई सांगत होती, तर तुम्ही म्हणालात राहू द्या. मी दारात उभी होते. आई पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते कोणाला सांगत होती."

मग तिनं सांगितलं. चावडी जळाल्यावर पोलीस खुशालरावांना पकडणार, अशी हूल उठली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता श्रावणनं बंडी जुंपली, खुशालराव बंडीत आडवे झाले आणि सुंदराबाईनं त्यांच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. हिवरखेडला त्यांची सासुरवाडी, तिथं पोचवायचं. नाल्यापाशी पोलिसांनी थांब म्हटलं. श्रावण थांबला नाही, त्यानं बैलांना हाक दिली. गोळी लागून तो खाली पडला. बैल उधळले ते बंडीसकट हिवरखेडलाच थांबले. खुशालराव कडब्याखाली सुखरूप.

"मग इतकी वर्षं तुम्ही गप्प का?"

"बाबांनी आईला बजावलं होतं, मालक बंडीत होता हे कोणाला सांगू नको, मी जबान दिली आहे. आईला वाटायचं, मालक स्वतः सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील."

ती निघताना मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला नको. आईला आणि कौशल्यामावशीला लागेल."

२८ जुलै

रात्रभर जागा होतो. आणि खरं लिहायचं तर, पहाटे मला पुन्हा आनंद झाला. पुढारी कडब्याखाली आणि मजूर गोळीसमोर! याहून चांगलं प्रकरण कुठं मिळणार? कागदही ओढला. मग सुंदराबाईचं न जेवणं आठवलं आणि पेन ठेवलं. मला श्रावणमध्ये सारखं काहीतरी दुसरंच हवं असतं.

गव्हाणखेड, ३१ जुलै

चिखलातून बंडी नाल्यापार होईना, शेवटची वाट पायीच गेलो.

आधी कौशल्याच्या दारी. तिनं दार अर्धंच उघडलं.

"बाई, माझी चूक झाली. श्रावणनं चावडी जाळली नाही. ते मी मनानं लिहिलं."

"छापलं तवा कोणाले इचारलं होतं?"

"कोणालाच नाही."

"मंग आता काहून माह्या एकटीच्या कानात सांगून राह्यले? जिथं छापलं तिथंच सांगा." आणि दार लावलं. बाईचं म्हणणं रास्त आहे.

सुंदराबाई अंगणात बसली होती. मी म्हटलं, कडब्याची हकीकत जशीच्या तशी लिहितो, खुशालरावाचं सोंग उघडं पाडतो. ती घाईघाईनं म्हणाली, "नाही, नाही. जबान ललिताच्या बापाची हाय. ती तुमच्या हातानं नाही मोडाची. आंधी मालकाले इचारा, ते सोता सांगतेत का."

तो माणूस पंधरा वर्षं बोलला नाही, अजून तिला त्याच्याकडून आशा आहे! मला संताप आला, पण विचारतो म्हणालो. साप्ताहिकाला खुलासा मात्र आजच लिहिला: "चावडी पेटवण्यात श्रावणचा हात होता, हे लेखकाचं निराधार अनुमान होतं." निराधार हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला.

अकोला, ५ ऑगस्ट

खुशालरावांच्या बंगल्यावर. मी "कडबा" एवढंच म्हटलं. ते उठून दार लावून आले.

"कोणं सांगतलं?" मग स्वतःच म्हणाले, "तिनंच. दुसरं कोण सांगन." बराच वेळ पानाच्या डब्याची नुसतीच उघडझाप करत राहिले. "गोळीचा आवाज मी आयकला. कासऱ्यावरचा त्याचा हात सुटला तेही कळलं. पण मी हाललो नाही, सर. उतरलो असतो त दोघंही मेलो असतो."

"पण नंतर? खबऱ्या म्हणत होते तेव्हा?"

"काय सांगतो मंग? का चळवळीचा पुढारी गवतात दडून पयाला? जिल्हा हसला असता. काँग्रेस हसली असती." डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्यांची कीव आली, याचा मला अजून राग येतो.

मग एकदम सावरून म्हणाले, "एक सांगू? तुमचं ते बंडवाला लय झ्याक हाय. तेच राहू द्या. दगडावर श्रावणचं नाव टाकतो. अकरा नावांच्या वर, बंडवीर श्रावण. त्याच्या बायकोच्या हातानं हार घालतो. खबऱ्याचा डाग एका दिवसात जाते. मले बी शांती, तिले बी शांती. फक्त तो कडबा नको."

तीन आठवड्यांपूर्वी ज्यांना हेच नाव काढायचं होतं, त्यांना आता माझी चूक पाहिजे होती. आणि मी? मी लगेच नाही म्हटलं नाही. माझा शब्द दगडावर कोरला जाणार. विधवेचा डाग जाणार. तपशील थोडा इकडचा तिकडे, पण निष्कर्ष जनतेच्या बाजूचाच ना? उद्या ललिताला विचारतो म्हणालो.

अकोला, ९ ऑगस्ट

ललिता गावी जाऊन निरोप घेऊन आली. तिलाही तो प्रस्ताव मोहात पाडत होता, हे तिनं लपवलं नाही. "बाबांचं नाव दगडावर! शाळेतल्या मुलांना दाखवीन असं वाटलं, सर."

"आणि आई?"

"आई म्हणाली, येतो म्हणून सांग. हार घालाले येतो. पण दोन शब्द बोलू द्या लागन."

खुशालरावांना कळवलं. इतके खूश झाले की मला मिठाई खायला घातली. सुंदराबाईनं मानलं तर! मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं वाईटही. शेवटी गरीब माणूस मिळेल तो मान घेतो. जैनुद्दीन आज कामासाठी अकोल्यात आला होता, त्याला हे बोललो तर म्हणाला, "तुमी त्या बाईले अजूनही आयकत नाही."

खुलासा आज साप्ताहिकात आला. तिसऱ्या पानावर, बारीक टाइपात.

हिवरखेड, १५ ऑगस्ट

मोटार उद्या सकाळी आहे. ओळखीच्या एका मास्तरांकडे उतरलो आहे. झालं तसं लिहितो.

चावडीच्या जागी नवा चौथरा, वर पडद्यानं झाकलेला काळा दगड, भोवती पताका. गाव लोटलं होतं. खुशालराव खुर्चीवर, मी बाजूला, माझ्या मांडीवर पुस्तकाची पहिली प्रत. माझं प्रकरण कापून साडेतीन पानांचं केलं आहे. त्यात अहिंसाही आहे आणि बंडवाला पण आहे. दोघांना पुरेसं.

पडदा निघाला. सगळ्यात वर: बंडवीर श्रावण. पुंजाजी पहिल्या रांगेत होता. ते नाव बघून त्यानं मान खाली घातली. खुशालरावांनी भाषण केलं आणि मग माईकवरून पुकारलं, "हुतात्म्याची वीरपत्नी सुंदराबाई!"

वस्तीकडच्या बाजूनं ती निघाली. एकटी नव्हती. कौशल्या तिचा हात धरून होती. कौशल्याच्या दुसऱ्या हातात ते साप्ताहिक होतं, तिसरं पान बाहेर घडी घातलेलं. वाचता येत नाही तिला. ललितानं वाचून दाखवलं असणार.

खुशालरावांनी हार पुढं केला. सुंदराबाईनं घेतला, पण दगडाला घातला नाही. हातात तसाच धरून माईकपाशी उभी राहिली. मला वाटलं, आता कडबा काढणार. खुशालरावांनाही तेच वाटलं असावं, त्यांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला.

"मले वीरपत्नी नका म्हणू," ती म्हणाली. "ललिताचा बाप बंडी हाकत व्हता, मी त्याची बायको, येवढंच. मालक, तुमाले येकच गोठ इचारतो. काहून मेला ते नका सांगू. आमचा मानूस खबऱ्या व्हता का नव्हता? येवढंच सांगा. गावासमोर."

अख्खा गाव खुशालरावांकडे बघत होता. माझे कान तापले. तिनं नवऱ्याची जबान मोडली नव्हती, आणि त्यांना पळायला वाटही ठेवली नव्हती.

खुशालराव उठले. माईक हातात घेतला, परत दांडीवर ठेवला, पुन्हा घेतला.

"नव्हता," ते म्हणाले.

सुंदराबाईनं डोळे मिटले. कौशल्यानं तिच्या पाठीवर हात फिरवला. हार चौथऱ्याच्या काठावर ठेवून दोघी उतरून चालू लागल्या, वस्तीकडे. तिला हवं ते मिळालं होतं आणि ती जात होती. मीही पुस्तक काखेत घेऊन उठू लागलो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून पुंजाजी उभा राहिला. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून.

"मालक, थो नव्हता," तो म्हणाला, "मंग आमचे अकरा नावं कोणं देले?"

हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. दोन महिने मी श्रावणचा कोण करायचा याच विचारात होतो. खुशालराव माईक धरून उभे होते. ते "दुसऱ्याच दिवशी आपल्या पायानं" अकोल्याला गेले होते आणि त्यांना सहाच महिने पडले होते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, आणि बाकीच्यांच्याही आलं असावं, कारण एकेक करून त्या अकरांतले बाकीचे उभे राहू लागले. जे मेले त्यांची पोरं उभी राहिली.

खुशालरावांनी तोंडावरून हात फिरवला. "पाणी," ते म्हणाले. माईक चालू होता, सगळ्या गावाला ऐकू गेलं.

कोणीच हललं नाही. घागर माझ्या पायाशी होती. मीही उठलो नाही.